घंटा थांबल्यावर

मतदानाची घंटा वाजायला लागली आणि सभागृहाच्या दारावरचा शिपाई मान लांब करून व्हरांड्याकडे बघू लागला. नियम साधा होता. घंटा थांबली की दार लावायचं, मग बाहेर मंत्री असो नाहीतर मंत्र्याचा बाप. आजवर त्याने भल्याभल्यांच्या तोंडावर दार लावलं होतं आणि घरी जाऊन त्यांच्या नकला करून बायकोला हसवलंही होतं.

पण आज आत बायकोचंच मत टांगणीला लागलं होतं. नदीपलीकडच्या त्यांच्या वस्तीत जागा कुणाच्याच नावावर नाहीत, म्हणून तिथला पत्ता मतदार यादीत धरत नाहीत आणि कुणालाच मत नाही. ते मिळावं म्हणून विधेयक आणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज होता त्याच्या सख्ख्या मेहुण्याचा, बायकोच्या धाकट्या भावाचा. आईच्या मागे ताईनेच त्याला वाढवलं. पुढे तो नदीअलीकडे भाड्याने राहायला गेला, मतदार झाला, निवडून आला आणि पहिल्याच भाषणात ताईसाठी रडला. तेव्हापासून बायकोचे पाय जमिनीवर नव्हते. पुढच्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी कामाला येणार नाही, हे तिने मालकिणीला आत्तापासूनच सांगून ठेवलं होतं.

मेहुणा व्हरांड्याच्या टोकाला दिसला आणि शिपायाचा जीव भांड्यात पडला. पण स्वारी खिडकीशी निवांत फोन बघत उभी! घंटा थांबली. उभ्या नोकरीत केलं नव्हतं ते शिपायाने केलं, दार धरून ठेवलं. खुणा केल्या, शेवटी लाज सोडून हाकही मारली. तेव्हा कुठे मेहुणा सावकाश जवळ आला.

"लावा भाऊजी," तो हळूच म्हणाला. "मला आत जायचं नाहीये."

"अरे, ताईचं मत आहे ते."

"पक्ष ऐनवेळी फिरलाय. आत गेलो तर विरोधात हात वर करावा लागेल. मग ताईला तोंड कसं दाखवू?"

आतून अध्यक्षांनी डोळे वटारले. शिपायाने दार लावलं. विधेयक पडलं, आणि तेही थोडक्या मतांनी, हे ऐकून त्याला भडभडून आलं.

तो घरी पोचण्याआधीच बातमी पोचली होती. मेहुण्याने पत्रकारांपुढे डोळे पुसत सांगितलं होतं की मी धावत आलो, पण शिपायाने तोंडावर दार लावलं. नाव घेतलं नाही, एवढे उपकार.

"दारावर तुम्हीच होतात ना?" बायकोने वाढता वाढता विचारलं.

"होतो."

"जरासं थांबता आलं नाही? माझा भाऊ होता हो तो."

थांबलो होतो, हे अगदी ओठांवर आलं. पण तिचं मत तर गेलंच होतं, आता तोंड उघडलं की भाऊही जाणार. मेल्याने केसाने गळा कापला आणि वर स्वतःची अब्रू राखायचं कामही आपल्यालाच लावलं, या विचाराने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नियम आहे," तो म्हणाला.

तिने ताट पुढे सरकवलं आणि वाजणारा फोन घेऊन ओट्याशी गेली.

"रडू नकोस रे," ती म्हणत होती. "तू तुझ्याकडून सगळं केलंस. आमच्याच माणसाला काळीज नाही, त्याला तू काय करणार?"

तो खाली मान घालून जेवत राहिला.