अकरा मायक्रॉन

रंजीता पट्टेबहादूरला चष्मा लागला आठवीत आणि लढाऊ विमान चालवायचं तिनं ठरवलं नववीत. क्रम उलटा असता तर कदाचित तिनं वाचताना पुस्तक जरा लांब धरलं असतं, असं तिला पुढे खूपदा वाटायचं. डोळे तसे बिघडत नसतात हे ठाऊक असूनही वाटायचं.

वडील जानराव एसटीत ड्रायव्हर. सुट्टीत ती त्यांच्या वाशीम-कारंजा फेरीला इंजिनाशेजारच्या जागेवर बसून जायची. समोरची अख्खी काच, खाली पळणारा रस्ता आणि एवढं मोठं धूड एका माणसाच्या हातात. बाकीच्या पोरी खिडकीतून बाहेर बघायच्या, ही वडिलांचे हात बघायची. नागपुरात बी.एस्सी.ला असताना एनसीसीच्या हवाई तुकडीत शिरली आणि एका सकाळी शिक्षकांनी तिला छोट्या दोन आसनी विमानातून वर नेलं. काही मिनिटं त्यांनी विमान वळवायचा दांडा तिच्या हाती दिला. खाली उतरल्यावर ती कोणाशी बोललीच नाही. बोललं तर ते सांडून जाईल असं तिला वाटत होतं.

चष्मेवाल्यांना लढाऊ विमान मिळत नाही. बारावीनंतरच्या परीक्षेचा रस्ता त्यामुळेच बंद झाला होता. पदवीनंतरच्या भरतीत मात्र लेझरनं नंबर काढलेला चालतो, अटी पाळल्या तर. एकविसावं संपताच जानराव तिला अकोल्याला एका खाजगी नेत्रालयात घेऊन गेले.

"साहेब, फौजेत चालते ना हे?" त्यांनी डॉक्टरांना तीनदा विचारलं.

"चालतं हो. कितीतरी मुलं करून जातात," डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांनी मान वर केली नाही.

मग नर्सनं चार पानी इंग्रजी कागद आणला. रंजीतानं तो वाचला, सही केली. काय लिहिलं आहे, हे वडिलांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "काई नाई बाबा, नेहमीचंच राह्यते."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि समोरच्या कडुनिंबाचं पान न् पान दिसलं. ती हसली, जानराव रडले.

आठवडाभरानं दिवेलागणीला ती वाशीमच्या पाटणी चौकातून येत होती. समोरून आलेल्या मोटारसायकलचा दिवा फुलला. त्याच्याभोवती पांढरं कडं, कड्याभोवती पिसारा. मागची ऑटो, तिच्या मागचा ट्रक, सगळ्यांच्या भोवती तेच. रस्त्याची कड कुठे संपते ते दिसेना. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, सहा महिन्यांत जाईल, थेंब टाकत रहा. सहा महिन्यांत निम्मं गेलं. उरलेलं तसंच राहिलं.

तिनं घरी सांगितलं नाही. संध्याकाळची स्कूटी तेवढी बंद केली. आईनं, वच्छलाबाईनं, विचारलं, "आता काहून चालत जाऊन राह्यली वं?"

"व्यायाम होते आई."

शस्त्रक्रियेनंतर बारा महिने थांबावं लागतं, ती थांबली. मग लेखी परीक्षेत पास झाली. म्हैसूरला पाच दिवसांची निवड चाचणी झाली. तिथं एका अधिकाऱ्यानं आडनावाचा अर्थ विचारला तेव्हा ती म्हणाली, "सर, बहादूर नावातच आहे, पट्टा तेवढा तुम्ही द्यायचा आहे." सगळे हसले. वैमानिकाची यंत्रावरची कसोटी तर आयुष्यात एकदाच देता येते. तीही तिनं पहिल्या फटक्यात काढली. एकशे अठ्ठावीस मुलांतून उरलेल्या सहांत ती होती. वाशीमला परतली तेव्हा विहारात सत्कार झाला. जानरावांनी डेपोत पेढे वाटले. ज्यांना तिचं नाव माहीत नव्हतं ते कंडक्टरही तिला "पायलट" म्हणू लागले.

राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी.

ती बेंगळुरूला झाली. डोळ्यांच्या विभागात हवाई दलाच्या एक डॉक्टर होत्या, केस घट्ट बांधलेल्या, आवाज मऊ.

"रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात?"

"नाही मॅडम."

"डोळे कोरडे पडतात?"

"नाही मॅडम."

डॉक्टरांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि हनुवटी यंत्रावर ठेवायला सांगितली. यंत्रानं काही विचारलं नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी त्यानं मोजली, तीनदा मोजली. मग डॉक्टरांनी अश्रू मोजायची कागदाची पट्टी पापणीत अडकवली. ती जवळजवळ कोरडीच बाहेर आली.

"पडदा मर्यादेपेक्षा अकरा मायक्रॉन पातळ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लेझरनं तो घासूनच नंबर काढतात. तुझा मुळातच पातळ होता."

"अकरा म्हणजे किती, मॅडम?"

"केसाच्या जाडीचा सातवा भाग, साधारण."

रंजीता खुर्चीची कड धरून बसली. "मग जमिनीवरची शाखा? तिथं चष्मा चालतो ना?"

"चष्मा चालतो. शस्त्रक्रिया झालेली असली तर जाडीची अट तिथेही हीच आहे." त्यांनी फाईल मिटली. "तू चष्म्यानिशी आली असतीस तर तिथं घेता आलं असतं तुला."

अपील करायला मुदत होती. जानरावांनी रजा टाकली आणि ते मुलीला घेऊन थेट अकोल्याला गेले. डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी मूठ ठेवली, आपटली नाही.

"तुमी चालते म्हनले होते. तीन डाव इचारलं मी."

डॉक्टरांनी फाईल मागवली. चार पानं उलटून शेवटचं त्यांच्यापुढे सरकवलं. जानरावांना इंग्रजी येत नव्हतं, खालची सही मात्र त्यांनी ओळखली. वळणदार 'र', लहानपणी पाटीवर त्यांनीच गिरवून घेतलेला.

"काय लिवलं हाय?" त्यांनी मुलीला विचारलं.

ती वाचू लागली. आवाज कुठेच अडखळला नाही. "रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. कोरडेपणा राहू शकतो. पडदा पातळ असल्यानं काही नोकऱ्यांच्या निकषांत रुग्ण बसणार नाही. ते निकष रुग्णानं स्वतः तपासावेत."

"हे तू तवाच वाचलं होतं?"

"हो."

"अन् तपासलं होतं?"

"हो बाबा. हिशेब केला होता मी. थोडं कमी पडन असं दिसत होतं. वाटलं, यंत्रायंत्रात फरक राह्यते. तिथलं यंत्र जास्त दाखवन." ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, वडिलांकडेही नाही. "चष्म्यानं तर विमान भेटतच नव्हतं. मले दुसरं काई नव्हतं पायजे."

जानरावांनी कागद नीट घडी करून परत दिला. डॉक्टर काहीतरी म्हणत होते, थेंबांचं, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. कोणी ऐकलं नाही.

परतीच्या एसटीत वाशीमच्या अलीकडचं मालेगाव गेल्यावर ते म्हणाले, "मले सांगतलं असतं तर मी नाई म्हनलो असतो."

"म्हनूनच नाई सांगतलं."

"अन् दिव्याचं? संध्याकाळी खरंच दिसत नाई तुले?"

बाहेर अंधारून आलं होतं. समोरून एक ट्रक आला आणि अख्खी काच पांढरी झाली. रंजीतानं डोळे मिटून घेतले. जानरावांनी ते पाहिलं.

अपिलात पुन्हा मोजणी झाली. या वेळी यंत्रानं तेरा मायक्रॉन कमी दाखवले. कागदावर कायमस्वरूपी अपात्र असा शिक्का पडला.

आता रंजीता एका खाजगी शिकवणीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. सकाळच्याच तुकड्या घेते. दर तासाला डोळ्यांत थेंब टाकते. मुलांना वाटतं बाईंना डोळे आले आहेत, म्हणून पुढच्या बाकावरची मुलं जरा मागे सरकून बसतात. बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरून ठेवला आहे, पण संगणकाच्या पडद्याकडे अर्धा तास पाहिलं की आग सुरू होते.

शिरपूरहून मावशी येते, शेजारच्या जमनाबाई येतात. विचारतात, "पोरगी कवा जाऊन राह्यली मंग?"

"तारीख नाई आली अजून," वच्छलाबाई सांगतात.

पहिल्यांदा रंजीतानं आईकडे रागानं पाहिलं होतं. परवा जमनाबाईंनी तिलाच गाठून विचारलं, तेव्हा तीही म्हणाली, "तारीख नाई आली अजून, मावशी." आणि चहा ठेवायला आत गेली.