धाकलूच्या नावावरचं सिमकार्ड

मित्रांनो, मी नखाएवढं, निकामी झालेलं एक सिमकार्ड आहे. नखाएवढ्या वस्तूवरून संसारात केवढं महाभारत होतं, ते मी अगदी आतून ऐकलं आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तो मला आठवत नाही, आणि त्यालाही मी आठवत नसेन. खरं आयुष्य सुरू झालं ते कळंबच्या आनंदीबाईंच्या फोनमध्ये. शनिवार-रविवारी रिसॉर्टवर येणाऱ्या पाहुण्यांना त्या तांदळाच्या भाकऱ्या आणि गावठी कोंबडी पुरवत. माझा नंबर त्यांनी रस्त्याकडेच्या भिंतींवर रंगवून घेतला होता. मात्र मला घेताना त्यांचा नवरा धाकलू म्हणाला होता, "बाईच्या नावावर कशाला? भायेरचा येव्हार पुरुषाचा." घरातली चूलही त्याच्याच नावावर होती, पेटवायच्या मात्र आनंदीबाई.

धंदा वाढला. लोक धाकलूला "आनंदीबाईंचे मिस्टर" म्हणू लागले आणि त्याचं पित्त खवळलं. कालवणात मीठ कमी पडो की जास्त, धमकी एकच, "नंबर माझा हाय. बंद करून टाकीन!" नंबर गेला की गिऱ्हाइकं गेली, हे दोघांनाही पक्कं ठाऊक.

शेवटी आनंदीबाईंनी आपल्या भावाला मध्ये घालून धाकलूला खालापूरच्या मोबाइलच्या दुकानात नेलं. नंबर बायकोच्या नावावर करायला नवऱ्याची संमती हवी, आणि तो जिवंत आहे हे कळायला कॅमेऱ्यासमोर त्याची पापणी लवायला हवी.

"काका, डोळे मिटा," दुकानातली ऋतिका म्हणाली.

धाकलू घुबडासारखा टक लावून बसला.

"मिटा की वो!" आनंदीबाई कडाडल्या.

"डोळे माझे हायेत. त्ये पन तुझ्या नावावर करू का गं?"

रांगेतली माणसं फिदीफिदी हसली. आनंदीबाईंनी मला फोनसकट त्याच्या खिशात कोंबलं. "ठेवा तुमचा नंबर. ह्या शनवारी तुमीच बोला गिऱ्हाइकांशी. मी चूल पेटवायची नाय."

शनिवारी पहिल्या फोनला धाकलू ऐटीत म्हणाला, "मालक बोलतोय." पुढच्या सगळ्या शिव्या मग मालकाच्याच वाट्याला आल्या. "भाकऱ्या कुठायत?" "पोरं रडतायत इथे!" "लाज आहे का तुम्हाला?" डोंबिवलीच्या एका बाईंनी तर त्याच्या तीन पिढ्यांची धुणी धुतली. त्याने फोन बंद केला, तर पाहुणे गाडी घेऊन दारात! ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या आनंदीबाईंनी मान वर न करता सांगितलं, "मालक आत हायेत. पलंगाखाली बघा."

सोमवारी धाकलू आपण होऊन खालापूरला निघाला. कॅमेऱ्यासमोर बसताच त्याच्या पापण्या अशा फडफडल्या, की ऋतिकाला म्हणावं लागलं, "काका, एकदाच मिटा!"

नंबर आनंदीबाईंचा झाला. नव्या नावाला नवं सिमकार्ड मिळालं आणि मला उपटून काढलं. भांडण त्या दोघांचं, घराबाहेर मात्र मी.

"ह्ये तरी माझंच ना?" धाकलूने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"न्या," ऋतिका म्हणाली.

सध्या जेवण झालं की तो माझ्या कोपऱ्याने दात कोरतो.

मित्रांनो, एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात राबतं कोण आणि नाव कोणाचं लागतं, ते एकदा मोठ्यांना विचारा. धपाटा बसला तर मला मध्ये घेऊ नका. मी आता कोणाच्याच नावावर नाही.