न आलेला हात

लोखंडी पाइपांचा गठ्ठा खाली आला तेव्हा हमाल त्याच्याखाली नव्हता, त्याचा फक्त पाय होता. म्हणून माणूस वाचला आणि पावलाचा चुरा झाला. "नशीब बलवत्तर," मॅनेजर म्हणाला. बलवत्तर असतं तर पाऊलही वाचलं असतं. पण पाय दुसऱ्याचा असला की मॅनेजर लोकांना नशीब नेहमी बलवत्तरच दिसतं.

गठ्ठा सोडला क्रेनवाल्याने. त्याची केबिन यार्डाच्या वर, लोखंडी पुलाला लटकलेली. तिथून माणसं दिसायची, पण लटकणाऱ्या मालाच्या पलीकडचं काही दिसायचं नाही. त्यासाठी खाली सिग्नलवाला. त्याचा हात वर असला की थांबायचं, हात खाली येऊन बोट फिरलं की सोडायचं. हा सिग्नलवाला क्रेनवाल्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. काम करताना तो इतका ताठ उभा राहायचा की सगळं यार्ड त्याला खांब म्हणायचं. वर दाजी, खाली खांब, अशी कित्येक वर्षं गेली. वॉकीटॉकी केबिनमधल्या खिळ्याला धूळ खात लटकलेला असायचा. "आम्हाला नाही लागत ते खेळणं," क्रेनवाला नव्या पोरांना ऐकवायचा. "त्याच्या मनात आलं की माझ्या हातातला क्रेनचा दांडा हलतो."

चौकशीत त्याला विचारलं, सिग्नल मिळाला होता का?

"मिळाला होता. हात खाली आला, बोट फिरलं. ह्या डोळ्यांनी पाहिलं."

खांबाला विचारलं. तो म्हणाला, "हात वरच होता माझा."

यार्डात कॅमेरे होते, पण सगळे फाटकाकडे तोंड करून. माल चोरीला जाऊ नये म्हणून. माणसं कोण चोरतंय!

क्रेनवाला परवान्याचा आणि कायम नोकरीतला. त्याची चूक निघाली तर त्याला शिकवणाऱ्यांची निघणार, त्याला न तपासणाऱ्यांची निघणार, ती जिना चढत पार वरच्या मजल्यावर जाणार. खांब कंत्राटी. कंत्राटी माणूस म्हणजे दारातलं पायपुसणं, कुणीही यावं आणि आपला चिखल पुसून जावं. मॅनेजरने मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. अडचण एकच होती. विमा कंपनीने मानसशास्त्राच्या एका बाईंना पाठवलं होतं आणि त्यांचं काम संपेपर्यंत फाइल बंद होणार नव्हती.

घरात त्याहून मोठी चौकशी बसली होती.

"म्हणजे माझा भाऊ खोटं बोलतो?" बायको म्हणाली.

"मी कुठे तसं म्हटलं? मी पाहिलं ते सांगितलं."

"तेच झालं की! भिजवून मारा नाहीतर कोरडं मारा, मार तो मारच. त्याची नोकरी गेली तर त्याच्या पोरांना काय तुमचे डोळे खायला घालू?"

"मग काय करू, डोळे फोडून घेऊ?"

"घ्या. तसाही त्यांचा काय उजेड पडलाय!"

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा माणूस खोटं बोलत नव्हता. डोळे मिटले की त्याला तो हात दिसायचा, मनगटापासून बोटापर्यंत लख्ख. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं. याला ती सोयही नव्हती.

आठवडाभराने खांब घरी आला. चप्पल दारात काढली, पण बसला नाही.

"दाजी, तुमचंच बरोबर असेल."

"म्हणजे?"

"रोज बोलावतात. मॅनेजर झाला की सुपरवायझर. सगळ्यांचा एकच प्रश्न, हात खाली घेतलास तेव्हा लक्ष कुठे होतं तुझं? पहिले दोन-तीन दिवस म्हणालो, घेतलाच नाही. आता आठवायला बसलो ना, की हात खाली जाताना दिसतो. घाम पुसायला गेला असेल. आणि तुम्ही कशाला माझ्यावर उगाच आळ घ्याल? उद्या लिहून देतो. मोकळं होऊ सगळे."

क्रेनवाल्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, पण आली. हा माणूस खांब होता. तो घाम पुसत नसे. घाम त्याच्या भुवईवरून डोळ्यात उतरायचा, तरी माल वर असेपर्यंत हात हलायचा नाही. हे यार्डात दुसऱ्या कुणाला माहीत असो नसो, वर बसून त्या हाताकडे बघत ज्याचे केस पिकले त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच बाईंकडे गेला. "मॅडम, तो लिहून देतोय. त्याआधी काय तपासायचं ते तपासा."

बाईंनी यार्ड रिकामं करून घेतलं. क्रेनला माल लावला नाही, नुसता हुक. केबिनच्या काचेला एक कॅमेरा चिकटवला, त्याची नजर खांबावर. खांबाला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. मग काम सुरू झालं. हुक पुढे, हुक मागे, थांब, सोड. क्रेनवाला बऱ्याच दिवसांनी केबिनमध्ये बसला होता, हाताला बरं वाटत होतं.

मध्येच वॉकीटॉकी खरखरला. "आत्ता हुक का सोडलात?"

"सिग्नल आला."

"दिसला?"

"मॅडम, मी काय आंधळा आहे?"

त्याला खाली बोलावून बाईंनी पडद्यावर दाखवलं. हुक नेहमीच्या जागी येतो. खांबाचा हात वर. हुक खाली यायला लागतो. खांबाचा हात वरच.

"मधलं कापलंय हे," क्रेनवाला म्हणाला.

"बरं." बाईंनी दुसऱ्या यार्डातला एक सिग्नलवाला उभा केला. क्रेनवाल्याने त्याचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं. त्याच्यासोबत काम करताना हा कोंबड्यासारखी मान पुढे काढून बघत राहिला. हात पुरता खाली येईपर्यंत दांड्याला बोट लावलं नाही. बाईंनी त्यालाही मध्येच हात वर ठेवायला सांगितलं होतं. क्रेनवाला एकदाही फसला नाही.

मग पुन्हा खांब. आता सापळा कुठे आहे ते क्रेनवाल्याला माहीत होतं. तो डोळे फाडून बसला. आणि पुन्हा हुक खाली आला, हात वर असताना.

या वेळी तो पडदा बघायला गेला नाही. केबिनच्या शिडीवरच बसला.

बाई खालच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. "मन फार घाईचं असतं. जे हजारदा घडलं ते आताही घडणार असं धरून चित्र आधीच काढून ठेवतं. डोळ्यांना फक्त विचारतं, हेच ना? डोळे हो म्हणून मोकळे होतात."

"पण मला आठवतंय ना!"

"आठवताना आपण ठेवलेला फोटो काढत नाही. चित्र पुन्हा काढतो, आणि हाताशी असतील ते रंग भरतो. तुम्ही तुमच्या सवयीचे भरलेत. त्याने साहेबांच्या प्रश्नांचे भरले."

"हे तुमच्या शास्त्रात आहे?"

"त्याचाच अभ्यास आहे. बोधनिक मानसशास्त्र म्हणतात. माणूस बघतो, लक्षात ठेवतो, त्यावरून ठरवतो, ते सगळं नेमकं होतं कसं."

"मग त्या नवख्याबरोबर का नाही चुकलो?"

"त्याच्यावर तुमचा भरवसा नव्हता."

क्रेनवाल्याच्या तोंडून एक शिवी निघाली. ती कुणाला होती हे त्यालाही सांगता आलं नसतं.

चौकशीच्या खोलीत खांबाचा कबुलीजबाब टाइप होऊन तयार होता, फक्त सही राहिली होती. क्रेनवाल्याने तो कागद उचलला आणि स्वतःच्या मांडीखाली दाबून बसला.

"चूक माझी. सिग्नल नसताना सोडलं."

"अहो, तो स्वतः कबूल करतोय," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही कशाला आ बैल मुझे मार करताय?"

"विचारून विचारून तुम्ही त्याच्या डोक्यात तो हात घुसवलात. बी मी टाकलं, पाणी तुम्ही घातलंत."

"तुम्हाला हात खाली आलेला आठवतो की नाही? हो की नाही, एवढंच सांगा."

"आठवतो. आत्ताही आठवतो. आठवतो म्हणून आला होता असं नाही."

"हे मी लिहू कसं?"

"तो तुमचा प्रश्न. नाही जमलं तर बाईंना बोलवा, त्या सांगतील."

क्रेनवाल्याचा परवाना तेव्हाच काढून घेतला. त्याला गोदामात बसवलं, खोकी मोजायला. खांबाचं काम राहिलं. बायको त्या दिवशी नवऱ्याशी नीट बोलली, आणि दुसऱ्या दिवसापासून पगार कमी झाल्याबद्दल बोलायला लागली.

सुट्टीच्या दिवशी क्रेनवाला आणि खांब हमालाला बघायला इस्पितळात गेले. हमालाचा पाय उशीवर चढवून ठेवलेला.

"माफ कर भाऊ," खांब म्हणाला. "हात चुकला माझा."

"याचं ऐकू नकोस," क्रेनवाला म्हणाला. "चूक माझी."

हमालाने दोघांकडे पाहिलं. "पाय एक आणि आरोपी दोन! बाहेर जाऊन ठरवा, मग या."

बाहेरच्या बाकावर खांब त्याच्याशेजारी बसला. "दाजी, कागदावर काय आहे ते कळलं मला. पण हात अजून दिसतो. खाली जाताना."

"नव्हता गेला तो."

"तुम्ही म्हणता तर मानतो."

"माझं मानू नकोस! मागच्या वेळी माझंच मानलंस."

"मग कुणाचं मानू?"

क्रेनवाल्याने खिशातून फोन काढला, बाईंचा नंबर लावला आणि फोन मेहुण्याच्या कानाला धरला.

"नमस्कार मॅडम," खांब म्हणाला. "मी सिग्नलवाला. त्या हाताचं विचारायचं होतं."