मामांचे कान

रणगाड्याच्या चालकाला बाहेरचं जग टपालपेटीच्या फटीएवढं दिसतं, आणि रणगाडा मागे घ्यायचा असला तर तेवढंही दिसत नाही. चालक पुढे, पोटात, जवळजवळ आडवा पडलेला. मागे भिंत आहे की खड्डा, हे त्याला सांगणार फक्त कमांडर, जो वर बुरुजातून डोकं काढून उभा असतो. त्याचा आवाज चालकाच्या डोक्यावरच्या, आत फोन बसवलेल्या कानटोपीतून येतो आणि त्या आवाजावर भरवसा ठेवून पन्नास टनांचं धूड मागे न्यायचं. एवढा विश्वास नवरा-बायकोतही सापडायचा नाही, असं मामा म्हणायचे, आणि मामांच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती.

मामा म्हणजे चालक. सगळी प्रशिक्षण शाळा त्यांना मामाच म्हणायची. आता त्यांना याच शाळेत चालकांचे शिक्षक म्हणून कायम करायचं ठरत होतं. शिक्षक झालं की मागच्या बाजूच्या घरांपैकी एक घर मिळतं. मग बायको आणि मुलगी इथे राहायला येणार होत्या. मुलीचं अर्धं बालपण मामांनी फोनवरच ऐकलं होतं, उरलेलं त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

आणि कमांडर म्हणजे मिसरूड फुटून फार काळ न लोटलेला, प्रत्येक लेखी परीक्षेत पहिला आलेला, नाकावर माशी बसू न देणारा पोरगा. वाईट नव्हता हो. पण कधी न चुकणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. चूक झाली की ती ठेवायची कुठे, हे त्याला ठाऊक नसतं.

कमांडरच्या छातीशी एक खटका असतो. खटका आत केला की त्याचं बोलणं फक्त आपल्या रणगाड्यातल्या माणसांना ऐकू जातं. बाहेर केला की रेडिओवरून बाकीच्या सगळ्या रणगाड्यांच्या कमांडरांना ऐकू जातं, पण आपल्या चालकाला नाही. एवढंच शास्त्र. पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्या उस्तादांनी ते सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं, आणि तेही आजीसमोर उभं करून.

आजी म्हणजे पटांगणाच्या टोकाला चौथऱ्यावर ठेवलेला जुना, बुटका रणगाडा. "हिच्यात खटकाबिटका नव्हता," उस्ताद म्हणाले होते. "आवाज एवढा, की कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. कमांडर चालकाच्या डोक्यावर बसायचा आणि पायानं बोलायचा. उजव्या खांद्यावर पाय दाबला की उजवीकडे, डाव्या खांद्यावर दाबला की डावीकडे. पाठीत लाथ म्हणजे पुढे. डोक्यावर पाय म्हणजे थांब." वर्ग फिदीफिदी हसला होता. "हसू नका," उस्ताद म्हणाले. "तुमच्या खटक्यापेक्षा तो पाय प्रामाणिक होता. बोललो एकाला आणि ऐकलं दुसऱ्यानं, असं त्यात व्हायचं नाही."

शेवटच्या सरावाच्या दिवशी पाहुणे आले होते. शाळेचे प्रमुख मेजरसाहेब त्यांच्याबरोबर मंडपात, रेडिओपासून लांब बसले होते. चार रणगाडे धुऊनपुसून पटांगणात आले होते, आणि मागे मागे येत आजीच्या पुढे एका ओळीत उभे राहणार होते. कमांडरच्या रणगाड्याचा एक नंबर होता, जागा बरोबर आजीच्या समोर. तोफ डागणारा तोफची आणि तिच्यात गोळे भरणारा लोडर धुण्याच्या हौदापाशीच उतरले होते. रणगाड्यात खाली मामा आणि वर हा, दोघंच.

"येऊ द्या मामा, सरळ येऊ द्या," कमांडर म्हणत होता, आणि मामा लोण्यातून सुरी यावी तसा रणगाडा मागे आणत होते. तेवढ्यात दोन नंबरच्या कमांडरनं रेडिओवर विचारलं, "एक नंबर, कुठवर आलास?" त्यानं खटका बाहेर केला, "लागतोय," म्हणाला, आणि मान वळवून पाहतो तर आजी हातभर अंतरावर.

"थांबा! मामा, थांबा!"

मामा थांबले नाहीत. कसे थांबतील? पन्नास टन आजीवर गेले. चौथऱ्याचे दगड ढासळले, आजी कलंडली, आणि एका खऱ्या लढाईतून धडधाकट परत आलेली तिची तोफ पाहुण्यांच्या देखत वाकली. इंजिन बंद झाल्यावर कमांडरनं छातीशी हात नेला. खटका बाहेर होता. त्यानं तो गुपचूप आत केला. इथवर ती नुसती चूक होती.

पाहुणे गेल्यावर मेजरसाहेबांनी दोघांना खोलीत बोलावलं.

"मी थांबा म्हणालो होतो, साहेब," कमांडर म्हणाला. हे खरंच होतं.

"मला काही ऐकू आलं नाही, साहेब," मामा म्हणाले. हेही खरंच होतं.

मेजरसाहेबांनी कमांडरकडे पाहिलं. "खटका कुठे होता?"

उत्तर एका शब्दाचं होतं. खरं उत्तर दिलं असतं तर निकालात लाल शेरा बसला असता, घरच्यांना तोंड दाखवताना जरा जड गेलं असतं, आणि वर्षभरानं सगळे विसरले असते. हे सगळं त्याला त्या क्षणीही कळत होतं. तरी जीभ आपल्या मनानं वळली.

"आत, साहेब."

त्याला वाटलं, मामा उसळतील. भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. पण मामांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत शंकेचा लवलेशही नव्हता. हा पोरगा खटका आत होता म्हणतोय म्हणजे आतच असणार, असा सरळ हिशेब त्यांनी केला, आणि त्यांचा चेहराच उतरला. हात नकळत कानाकडे गेला.

"मग माझेच कान, साहेब," मामा हळूच म्हणाले. "इंजिनापाशी उभा जन्म गेला. कधीतरी जायचेच."

"दवाखान्यात दाखवून घ्या," मेजरसाहेब म्हणाले. "कमी ऐकणाऱ्याला चालक ठेवता येत नाही, शिक्षक तर नाहीच. डॉक्टर काय म्हणतात ते बघून उद्या दुपारी तुमच्या नेमणुकीचा कागद पुढे पाठवायचा की नाही ते ठरवतो."

बाहेर आल्यावर मामांनीच कमांडरच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका साहेब. तुम्ही तुमचं काम केलंत." कमांडरला धरणीनं पोटात घेतलं असतं तर हवं होतं. पण धरणीला असल्या कामासाठी वेळ नसतो.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तीन नंबरचा कमांडर त्याच्या शेजारी येऊन टेकला. "काय राव, भारी हुकूम सोडलास! थांबा म्हणालास आणि आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. तुझा तेवढा थांबला नाही." तो हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "खटक्याचं असं होतं रे. माझंही एकदा झालंय. मेजरसाहेबांना सांगून टाकलंस ना? शाब्बास. सांगितलं की माणूस सुटतो."

म्हणजे हे तिघं ऐकत होते. त्यानं आजीकडे मान वळवली होती म्हणून ते थांबलेले त्याला दिसलेच नव्हते. आणि हे लोक धरून चालले होते, की त्यानं खरं सांगितलं असणार. दुसरं काही त्यांच्या मनातही आलं नव्हतं. शेजारच्यानं कौतुकानं त्याच्या ताटात आपल्या वाटणीचं गोड वाढलं. तो घास त्याला नको होता, पण टाकला तर कारण विचारतील म्हणून त्यानं तो पाण्याबरोबर गिळला. आपण चोर आहोत, आणि वर शाबासकीही खातोय, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

ताट धुवायला तो मागच्या ओसरीवर गेला तर तिथे मामा फोनवर बोलत होते. फोन कधी या कानाला, कधी त्या कानाला.

"अगं, जरा हळू बोल बरं. नाही, नाही, हळूच बोल. मला बघायचंय ऐकू येतं का ते... तिला दे. हां बाळा, काहीतरी पुटपुट. काहीही. ... आलं! काय म्हणालीस सांगू?" मामांनी काहीतरी सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला असावा, कारण मामाही हसले. मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "असं म्हणाली नव्हतीस होय? बरं. बरं. घराचं जरा लांबेल असं दिसतंय. नाही गं, तसं काही नाही. आईला सांग सामान बांधायची घाई नको."

कमांडर दाराआड उभा राहिला. आत्ता पुढे होऊन सांगायचं, एवढंच करायचं होतं. त्यानं एक पाऊल टाकलंसुद्धा. मग मामांनी डोळे पुसले, आणि हा न धुतलेलंच ताट घेऊन आल्या पावली मागे फिरला. रणगाड्यावर हुकूम सोडणारा माणूस, ताटाचा आवाज होऊ नये म्हणून ते पोटाशी धरून चालत होता.

सकाळी रोजची रेडिओ तपासणी. इंजिनं बंद, चारही रणगाडे कालच्याच ओळीत, मागे कलंडलेली आजी. तोफची आणि लोडर खाली चाकांवरच्या पट्ट्यांना वंगण देत होते. मामा पुढच्या झाकणातून डोकं बाहेर काढून बसले होते. डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं होतं आणि डावा थोडा मंद आहे म्हणाले होते. त्या शाळेत कुणाचा नव्हता? पण मामांना तेवढं पुरलं.

रेडिओखोलीतून मेजरसाहेबांचा आवाज आला, "एक नंबर."

कमांडरनं खटक्याकडे पाहिलं आणि तो बाहेर केला.

"एक नंबर. ऐकू येतंय. साहेब, आणखी एक आहे. काल थांबा म्हणालो तेव्हा खटका बाहेर होता. तुम्हाला मी आत होता म्हणालो. खोटं बोललो. मामांची चूक नाही. त्यांचे कान चांगले आहेत."

शेजारच्या बुरुजातून तीन नंबरच्या कमांडरनं वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि मग नजर काढून घेतली. ती नजर काढून घेणं त्याला शिवीपेक्षा लागलं.

"एक नंबर, ऐकलं," मेजरसाहेब म्हणाले. "तपासणी झाली की माझ्याकडे ये. मामांचा कागद मी पाठवतो. दोन नंबर."

झालं होतं. सांगितलं की माणूस सुटतो म्हणे. त्यानं सुटल्यासारखं वाटायची वाट पाहिली.

तेवढ्यात मामांनी मान वळवून वर पाहिलं. दोन्ही हातांनी कानटोपी डोक्यावर घट्ट दाबून धरलेली, तोंडावर रंग नाही.

"साहेब," कानात त्यांचा आवाज आला, "तुमचे ओठ हलताना दिसले. बराच वेळ बोललात. मला काही म्हणालात का? मला... मला एक अक्षर ऐकू आलं नाही हो."

तेव्हा कमांडरला कळलं, की त्यानं सगळ्या जगाला सांगितलं होतं आणि ज्याला सांगायचं तो एकटाच राहिला होता. इथेही त्यानं सोपी वाट धरली होती. रेडिओवर तोंड दिसत नाही. मामांचं तोंड समोर होतं.

त्यानं खटका आत केला. आत झाल्याचं बोटांनी चाचपून पाहिलं.

"मामा," तो म्हणाला.

मामांचा चेहरा एकदम उजळला. "आलं! आता आलं बघा ऐकू, अगदी स्पष्ट! बोला साहेब."