इंजिन आणि गार्डबाई

गार्डबाई कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून आलेले साचे, प्लास्टर, मेण, गुलाबी हिरड्या आणि गरगर फिरणारं पॉलिशचं चाक यांत तिचा आठवडा जायचा. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं, पण ते तिला बघायला क्वचितच मिळायचं, कारण कवळी जायची डॉक्टरकडे आणि कौतुकही व्हायचं डॉक्टरचंच. तिला त्याचं काही वाटत नसे. मागे राहून काम करायची तिला सवयच होती.

रविवारी मात्र ती चालायला जायची. दहा-पंधरा जणांचा एक घोळका होता. सकाळच्या गाडीने एखाद्या लहानशा स्टेशनवर उतरायचं, टेकड्या, कुरणं, ओढे पार करत दिवसभर चालायचं आणि दुसऱ्याच कुठल्या तरी स्टेशनवर निघून संध्याकाळच्या गाडीने घरी यायचं. हा सगळा उद्योग ज्याने सुरू केला त्याला सगळे इंजिन म्हणायचे. तो लिफ्टा दुरुस्त करायचा, आता निवृत्त झाला होता. “आयुष्यभर माणसांना वर-खाली केलं, आता जरा आडवं नेतो,” हा त्याचा एकुलता एक विनोद होता, आणि नवीन माणूस आलं की तो बिनचूक व्हायचा. जुने लोक त्याच्याआधी हसून मोकळे होत.

इंजिनाचा एक नियम होता. पुढे तो एकटा चालणार. वाट जिथे फुटेल तिथे त्याच्या पाठोपाठ जो असेल त्याने थांबायचं आणि मागून येणाऱ्यांना हाताने दिशा दाखवायची. शेवटचं माणूस येईपर्यंत तिथून हलायचं नाही, मग पाऊस येवो की गाय अंगावर येवो. ते शेवटचं माणूस म्हणजे गार्डबाई. ती आली की वळणावरचा माणूस मोकळा. त्यामुळे कोणी कितीही रमतगमत चाललं, फुलं बघत बसलं, नवऱ्याशी भांडून रुसून बसलं, तरी हरवत नसे.

नियम उत्तम होता. त्यात एकच खोट होती, ती फक्त गार्डबाईला माहीत होती. इंजिन सगळ्यांत पुढे, गार्ड सगळ्यांत मागे, त्यामुळे दहा-बारा वर्षं एकाच वाटेने चालूनही ती दोघं एक पाऊलभर कधी बरोबर चालली नव्हती. संध्याकाळी फलाटावर ती सांगायची, “सगळे आले.” तो म्हणायचा, “छान.” मग गाडीत बसल्या बसल्या त्याला झोप लागायची. त्या एका ‘छान’वर बाईंचा सोमवार ते शनिवार निघायचा.

आणि आता तो शहर सोडून चालला होता. बायको जाऊन खूप वर्षं झाली होती, गुडघा कुरकुरायला लागला होता, आणि दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांब राहणाऱ्या लेकीने ‘आता एकटं राहायचं नाही’ म्हणून हट्टच धरला होता. सोमवारी सकाळी निघणार, म्हणजे हा रविवार शेवटचा.

“सांगून टाक एकदाचं,” शनिवारी रात्री ताई म्हणाली. गार्डबाई आणि तिची थोरली बहीण दोन खोल्यांत राहत. बाईंचं लग्न जमता जमता राहिलं, मग राहिलंच. ताईचं झालं होतं आणि त्यात तिला काही हाती लागलं नव्हतं, म्हणून तिला दुसऱ्यांच्या लग्नाबद्दल फार आशा होती.

“काय सांगू?”

“माझ्यापुढे वेड पांघरू नकोस. दर रविवारी पहाटे उठून केस धुतेस. टेकडीवरच्या गाई बघायला?”

“आता काय उपयोग? त्याचं सामान बांधून झालंय.”

“सामानाला नाही सांगायचंय गं बये, त्याला सांगायचंय.”

गार्डबाईने पांघरूण डोक्यावरून घेतलं. पण मनाशी तिने ठरवलं होतं. फार काही मागायचं नव्हतं. एकदाच, थोडा वेळ, त्याच्या शेजारून चालायचं, आणि चालता चालता जे काय तोंडून निघेल ते निघू द्यायचं.

रविवार छान उजाडला. गार उन्हात कुरणं ओली दिसत होती. सगळे इंजिनाभोवती गोळा झाले, कुणी फोटो काढले, कुणी उगाच गळा काढला. गार्डबाई लांबूनच पाठीवरच्या पिशवीचे पट्टे आवळत उभी राहिली. नेहमीप्रमाणे तो पुढे निघाला, ती मागे राहिली. सकाळभर तिला तो दिसला तो टेकडीच्या माथ्यावर, नखाएवढा. जेवायला थांबले तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा दोन बडबड्या मास्तरणींनी कधीच बळकावल्या होत्या. गार्डबाईने उकडलेलं अंडं सोललं आणि त्या दोघींना मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

दुपार उलटली. ओढ्याजवळचं वळण हे शेवटचं. तिथून पुढे फळबागेच्या कडेने स्टेशनपर्यंत सरळ वाट होती. मध्ये बागेचं एक जुनं फाटक लागायचं, पण तिथे वाट फुटत नसल्यामुळे कधीच कुणी उभं राहत नसे. ओढ्यापाशी थांबलेल्याला गार्डबाईने मोकळं केलं, इतरांनाही पुढे पिटाळलं. मागे राहिला तो एकटा बेकरीवाला. हा गडी पावाच्या पिठासारखाच मऊ, सावकाश आणि फुगलेला. आज नवे बूट घालून आला होता. ओढ्यातल्या दगडावर त्याचा पाय सटकला आणि “आई गं!” म्हणून तो मटकन पाण्यातच बसला.

पाय मोडला नव्हता, पण चालणंही शक्य नव्हतं. पलीकडे बांधावरून डांबरी रस्ता दिसत होता. गार्डबाईने त्याला खांदा दिला, ओढत-फरफटत रस्त्यावर नेलं आणि एका दुधाच्या गाडीला हात केला. पुढे कुणी तिची वाट बघत थांबलं असेल, असं तिच्या मनातही आलं नाही. शेवटचं वळण तर मागे पडलं होतं. तिला एवढंच कळत होतं, की त्याच्या शेजारून न चालताच दिवस संपला. दुधाच्या कॅनांमध्ये अंग चोरून बसल्या बसल्या ती रडली. बेकरीवाल्याला वाटलं, त्याच्या पायासाठीच रडतेय. “एवढं काही दुखत नाहीये हो,” तो बिचारा सारखं सांगत राहिला.

स्टेशनवर सगळे होते. बेकरीवाल्याला बाकड्यावर बसवलं, त्याच्या बुटावर तज्ज्ञांची चर्चा सुरू झाली. गार्डबाईने माणसं मोजली आणि नेहमीचे शब्द बोलायला मान वर केली, तर ऐकणाराच नव्हता.

“इंजिन कुठंय?”

“तुमच्याबरोबर नाही?” धाकट्या मास्तरणीने विचारलं. “ते तर फाटकापाशी थांबलेत. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी गार्डबाईंना घेऊन येतो.”

“कुठलं फाटक?”

“बागेचं.”

“तिथे कुणी थांबत नाही,” गार्डबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं. जिथे थांबायची काही गरज नव्हती, तिथे तो थांबला होता. आणि शेवटचं माणूस आल्याशिवाय हलायचं नाही, हा नियम त्याचाच.

फोन करण्यात अर्थ नव्हता. चालायच्या दिवशी तो फोन घरीच ठेवायचा. गाडीची घंटा झाली. “तुम्ही सगळे याच गाडीने जा,” तिने सांगितलं. “मी त्यांना घेऊन पुढच्या गाडीने येते.” पुढची गाडी त्या दिवसाची शेवटची होती. कुणी काही विचारायच्या आत ती फलाटाच्या टोकावरून उतरून बागेच्या वाटेला लागलीही होती. इतक्या वर्षांत ती कधी इतकी भरभर चालली नव्हती. तिचं काम सावकाश चालायचं होतं.

उन्हं झाडांच्या बुंध्यांशी आली होती. तो फाटकाला टेकून उभा होता, तोंड ओढ्याकडे, अगदी ताठ. गुडघा दुखत असणार, पण बसला नव्हता.

“मी आले,” ती मागून म्हणाली.

तो दचकून वळला. “स्टेशनकडून? तिकडून कशा आलात तुम्ही?”

तिने धापा टाकत बेकरीवाल्याचं रामायण सांगितलं. तो हसला.

“इथे कुणी उभं राहत नाही,” ती म्हणाली.

“माहितीय.”

“मग?”

“इथून पुढे वाट रुंद आहे,” तो फाटकाकडे बघत म्हणाला. “दोघांना बरोबर चालता येतं. म्हटलं, एवढा तुकडा तरी.”

“हे सकाळी सांगायला काय झालं होतं?”

“सकाळी सांगितलं असतं, तर दिवसभर तुमच्याबरोबर चाललो असतो. मग उद्या जाववलं नसतं.”

ती दोघं चालायला लागली. वाट खरंच रुंद होती. शब्द जुळवायला वेळच नव्हता, म्हणून ती सरळ बोलली. “मला तुम्ही आवडता. आजपासून नाही. लिफ्टचा विनोद पहिल्यांदा ऐकला, तेव्हापासून.”

“तेव्हा तुम्ही हसला नव्हतात.”

“विनोद वाईट होता.”

त्याने वाटेतला एक दगड पायाने बाजूला केला. मग म्हणाला, “मला अंदाज होता. पण तुम्ही मागे आहात, म्हणून मी बिनघोर पुढे चालायचो. मागे वळून बघायची कधी गरजच पडली नाही. एवढा विश्वास मी कुणावर टाकला नाही, बाई.”

“मला विश्वास नको होता,” ती उसळून म्हणाली. “तो बँकेवरही टाकतात. मला तुम्ही हवे होतात.”

लेकीने त्याच्यासाठी खोली रंगवून घेतली होती, हे त्याने सांगितलं. तिने मान डोलावली. खोली रंगवून वाट बघणाऱ्या पोरीशी भांडायला ती काही जाणार नव्हती.

बाग संपत आली तसा तो म्हणाला, “पुढच्या रविवारपासून तुम्ही पुढे चाला. मी सगळ्यांना सांगून ठेवतो. माझ्याइतक्याच वाटा तुम्हालाही पाठ आहेत.”

“मला एकही वाट येत नाही.”

“काहीतरीच काय!”

“खरंच येत नाही. कशी येणार? प्रत्येक वळणावर तुम्ही माझ्यासाठी माणूस उभा करून गेलात. मला कधी वाट शोधावीच लागली नाही.”

तो जागच्या जागी थांबला. मग त्याने तिचा हात धरला, लहान मुलाला रस्ता ओलांडून नेताना धरतात तसा घट्ट, आणि स्टेशन येईपर्यंत सोडला नाही. फलाटावर दिवे लागले होते. शेवटची गाडी येऊन थांबली तेव्हा मात्र हात सोडावा लागला, कारण डब्याचं दार अरुंद होतं आणि कुणीतरी आधी चढायलाच हवं होतं.

“तुम्ही व्हा पुढे,” गार्डबाई म्हणाली.