चौथ्या दिवसापासून नेहमीचा आहार

आहारताईचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या ताटात डोकावण्यात जायचा. इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला खेटून तिची खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक वजनकाटा आणि काचेच्या कपाटात प्लास्टिकची फळं. त्यातल्या केळ्यावर कुणाच्या तरी पोराचे दात उमटलेले होते.

"सकाळी उठल्यावर काय खाता?" ती विचारायची, आणि समोरचा माणूस खोटं बोलायचा. तिला ते कळायचं. वीस वर्षं ऐकल्यावर कोण दिवसाला किती बिस्किटं लपवतंय हे आवाजावरून ओळखू येतं. मग ती चष्म्याच्या वरून बघत सांगायची, वेळेवर जेवा, बसून जेवा, सावकाश चावा, ताटात निम्म्या भाज्या हव्यात.

तिचं स्वतःचं काय, हे कुणी विचारलं नाही ते बरंच होतं. सकाळी ओट्याशी उभ्याने दोन बिस्किटं, तीही चहात अर्धी पडलेली. दुपारचा डबा चारला उघडायचा, नाहीतर जसा गेला तसा घरी यायचा. रात्री सगळ्यांचं झालं की पातेल्यांच्या तळाशी जे असेल ते. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या सूनबाई जगाला जेवू घालतात आणि स्वतः भांडी जेवतात."

त्या वर्षी तिचा घसा सहा वेळा धरला. ताप, गोळ्या, चार दिवस बरं, की परत पहिले पाढे. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी विझवली आणि म्हणाले, "ताई, काढून टाकू टॉन्सिल्स."

"या वयात? चव्वेचाळीस पूर्ण झाली मला."

"वयाची अट नाही. पण एक सांगतो, मोठ्या माणसाला हे जड जातं. पोरं आठवड्यात उड्या मारतात, मोठी माणसं दोन आठवडे छताकडे बघत पडतात. पाणी सोडायचं नाही. जीव गेला तरी घोट घोट चालू ठेवायचं. घसा सुकला की दुखणं वाढतं, रक्त यायचा धोकाही वाढतो. आणि आलं, तर मला परत टेबलावर घ्यावं लागेल."

"मला सांगताय? ऑपरेशननंतर काय खायचं-प्यायचं तो कागद मीच लिहिलाय."

"म्हणूनच सांगतोय," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना नर्सनं गोळ्यांच्या पिशवीबरोबर पिवळा कागद तिच्या हातात ठेवला. "घ्या ताई, तुमचंच तुम्हाला." आहारताईला हसू आलं, आणि हसण्यासाठी घसा लागतो हे तेव्हा तिला कळलं.

कागदावर आठ ओळी होत्या. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी तिनं त्या मुलांसाठी लिहिल्या होत्या. टॉन्सिल्स काढायला तेव्हा मुलंच यायची. पुढे मोठी माणसंही यायला लागली, तशी तिनं 'मुलाला' खोडून 'रुग्णाला' केलं आणि कागद छापायला पाठवला. बाकी काना-मात्राही बदलला नाही.

घरी नवऱ्यानं तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि शेजारी दोरीला बांधून पेन लटकवलं. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. लिफ्टवाला माणूस कागदावर लिहिल्याच्या बाहेर पाऊल टाकत नाही. टाकलं तर कुणीतरी धाडकन खाली जातं. केलेल्या प्रत्येक ओळीपुढे तो बरोबरची खूण करणार होता.

पहिला दिवस आइस्क्रीमवर निघाला. दुसऱ्या दिवशी त्यानं कागद वाचला, 'ताज्या फळांचा रस, दिवसातून दोनदा', आणि चार संत्री पिळून पेला भरून आणला. बियासुद्धा गाळल्या होत्या बिचाऱ्यानं. आहारताईनं घोट घेतला मात्र, डोळ्यांपुढे काजवे चमकले. जखमेवर आम्ल! पुस्तकात जखम भरायला जीवनसत्त्व क म्हणून लिहिलेलं, तिनं कागदावर उतरवलेलं. जखम कुठे आहे याचा विचार पुस्तकानंही केला नव्हता आणि तिनंही.

बोलायची बंदी होती. तिनं वहीवर लिहिलं, 'झोंबतंय.'

"असं कसं?" नवरा फ्रिजपाशी जाऊन परत वाचून आला. "अगं, हे तूच लिहिलंयस."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना रक्तदाबाचा त्रास, आणि सुनेच्या चिठ्ठीवरून सहा वर्षं त्यांचं जेवण अळणी. "माझं मीठ काढलंस, तेव्हा मीही हेच म्हणत होते, जात नाही गं घशाखाली," त्या म्हणाल्या. "तू काय म्हणालीस आठवतंय? सवय होईल."

आहारताईनं वही पालथी घातली.

तिसरा दिवस थंड दूध आणि दह्यावर ढकलला. आता उतार पडेल असं तिला वाटत होतं, कारण तसं कागदावर होतं. चौथ्या दिवशी सकाळी जाग आली तीच कानात खिळे ठोकल्यासारखी. दुखणं घशाचं आणि ठणका कानात. आरशात बघितलं तर घशात दोन्ही बाजूंना पांढरीफटक साय धरलेली. थुंकी गिळायची म्हटलं तरी आधी डोळे मिटून मनाची तयारी करावी लागत होती.

आणि नवरा ताट घेऊन आला. मोकळा भात, परतलेल्या शेंगा, किसलेलं गाजर, टोस्ट. ताटात निम्म्या भाज्या. तिनं आयुष्यभर लोकांना सांगितलेलं ताट, अगदी तिच्या खोलीतल्या आहाराच्या तक्त्यासारखं.

"चौथ्या दिवसापासून नेहमीचा आहार," तो कौतुकानं म्हणाला. "आज सातवी ओळ."

तिनं मान हलवली.

"थोडं तरी."

मान.

"हे बघ, तीन दिवस सगळं बरोबर चाललं होतं. मग आजच काय बिनसलं? गोळी विसरलीस का? नीट चावतेस ना?" कागद चुकेल हे त्याच्या डोक्यातच येईना. तो बायकोत बिघाड शोधायला लागला, आणि सापडेना तसा हिरमुसला. शेवटी ते ताट त्यानंच संपवलं, ओट्याशी उभ्याने.

त्या दिवशी तिनं पाणीही सोडलं. ठरवून नाही. प्रत्येक घोटाला एवढी किंमत मोजायची तर मग बघू, मग बघू करत पेला तसाच राहिला. ती भिंतीकडे तोंड करून पडली, आणि भिंतीच्या पांढऱ्या रंगाकडे बघता बघता तिला रंगारी आठवला.

दोन वर्षं झाली असतील. रुंद खांद्यांचा, नखांत रंग अडकलेला माणूस. ऑपरेशन होऊन चार-पाच दिवस झालेले. खुर्चीच्या अगदी टोकावर बसला आणि म्हणाला, "ताई, गिळवत नाही हो."

बाहेर अकरा जण ताटकळत होते. तिनं मान वर न करता म्हटलं होतं, "चौथा दिवस झाला ना? आता नेहमीचं खायचं. अहो, एवढीएवढी पोरं खातात."

रंगारी ओशाळं हसला. कागदाची चार घड्यांची घडी करून खिशात ठेवली आणि गेला. तीन दिवसांनी तो टॉवेल तोंडाला लावून आला तेव्हा ती आपल्या दारातच उभी होती. टॉवेल लाल झाला होता. त्याला वर नेला, परत टेबलावर घेतला, वाचला. तिनं आत येऊन नोंदवही उघडली होती आणि त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'सूचनांचे पालन नाही.' अक्षर सुंदर आलं होतं. तिचं अक्षर नेहमीच सुंदर यायचं.

सहाव्या दिवशी सकाळी तिच्या तोंडाला लोखंडाची चव आली. बेसिनवर वाकली तर पांढऱ्या भांड्यात लाल धार. नवऱ्याच्या हातातून चहाचा कप सुटला. सासूबाईंनी काही न बोलता तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. आहारताईनं तो तोंडाला लावला, रंगाऱ्यासारखाच.

इस्पितळात डॉक्टरांनी बर्फाच्या पाण्याच्या गुळण्या करवल्या आणि समोर बसवून ठेवली. तासाभरानं पुन्हा बॅटरी लावली. "थांबलंय. नशीब. अजून आलं असतं तर परत टेबलावर घ्यावं लागलं असतं. आज इथेच झोपा, लक्ष ठेवतो. कालपासून पाणी किती प्यालात?"

तिनं दोन बोटं वर केली.

"दोन लिटर? छान."

तिनं मान हलवली.

"दोन पेले?"

पुन्हा मान.

"दोन घोट?" डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "कमाल झाली ताई. स्वतःचा कागद तरी पाळायचा."

नवऱ्यानं खिशातून कागद काढून दिला. फ्रिजवरून काढून आणला होता, पुरावा म्हणून. सगळ्या ओळींपुढे खुणा, फक्त सातवीपुढे प्रश्नचिन्ह. आहारताईनं डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन उचललं आणि कागदाच्या पाठीवर लिहिलं, 'कागद चुकलाय.'

डॉक्टरांनी वाचलं. कागद उलटवून पहिल्यांदा आठही ओळी वाचल्या. "चौथ्या दिवसापासून? मोठ्या माणसाला? हे कुणी..." मग कागद टेबलावर ठेवत म्हणाले, "नऊ वर्षं हा माझ्या वॉर्डातून जातोय. मी कधी वाचला नव्हता."

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी कारभार हातात घेतला. फ्रिजवरचं पेन उतरवलं. घड्याळ लावून गोळी दिली, अर्धा तास जाऊ दिला, आणि मग अगदी पातळ, कोमट भात दोन वाट्यांत घेऊन आल्या. एक सुनेपुढे ठेवली, एक स्वतःपुढे.

"मीठ नाही घातलेलं," त्या म्हणाल्या. "सवय होईल."

आहारताईनं हात जोडले.

"जोडू नकोस, गीळ. एक चमचा तू, एक मी. एकट्यानं अळणी जात नाही, मला विचार. सहा वर्षं तुम्ही दोघं आपापल्या घाईत, आणि मी या टेबलाशी एकटी."

चमचा, थांबणं, डोळे मिटणं, चमचा. एक वाटी संपायला पाऊण तास लागला. म्हातारी सुनेच्या चालीनं खात राहिली, मध्येच शेजारणीच्या सुनेची चहाडी करत. आहारताई आपल्याच घरातल्या जेवणाच्या टेबलाशी इतका वेळ बसून होती. टेबलाच्या एका कडेला रंगाचा पोपडा निघालाय हेसुद्धा तिला आजच दिसलं.

सतराव्या दिवशी ती कामावर गेली. आवाज थोडा बसका होता, वजन चार किलो कमी होतं आणि लोक म्हणत होते, "वा ताई, बारीक झालात, काय केलंत?"

ती आधी भांडाराच्या खिडकीशी गेली. भांडारबाबूनं चष्मा पुसत ऐकून घेतलं. "नवा कागद? ताई, जुने दीड हजार पडलेत. ते संपल्याशिवाय छपाई नाही."

"त्यात चूक आहे."

"किती ओळी?"

"दोन."

"मग सहा बरोबर आहेत की," भांडारबाबू म्हणाला आणि गठ्ठा पुढे सरकवला.

ती गठ्ठा घेऊन खोलीत आली. वाद घालायचं त्राण नव्हतं. एकेका कागदावर तिनं फळांच्या रसाची ओळ खोडली, सातवी खोडली आणि समासात लिहिलं, 'मोठ्या माणसांना चौथ्या ते आठव्या दिवशी जास्त दुखते. घाबरू नये. गोळीनंतर अर्ध्या तासाने खावे. पाणी सोडू नये. रक्त आले तर लगेच यावे.' पंचवीस कागदांनंतर अक्षर कुत्र्या-मांजराच्या पायांसारखं यायला लागलं. तिनं पेन ठेवलं आणि दोन वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. रंगाऱ्याच्या नावापुढे फोन नंबर होता.

"हॅलो, मी इस्पितळातून आहारताई बोलतेय. तुमचं घशाचं ऑपरेशन झालं होतं..."

"आता काय राहिलं आत?" पलीकडून घाबरा आवाज.

"काही नाही, काही नाही. तुम्ही म्हणाला होतात, गिळवत नाही. मी उलट तुम्हालाच बोलले होते. आता माझंही झालं ऑपरेशन. खरंच गिळवत नाही. चूक कागदाची होती. म्हणजे माझी."

पलीकडे ब्रश डब्याच्या काठावर घासल्याचा आवाज आला.

"मला वाटलं, मीच भित्रा," रंगारी म्हणाला. "बायको अजून चिडवते. पोरं टोस्ट खातात आणि हा बाप्या रडतो म्हणून."

"त्यांना माझं नाव सांगा. मीपण रडले."

"तुम्हीच सांगा की, इथेच आहे ती." आणि त्यानं खरंच फोन बायकोच्या हातात दिला. आहारताईला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. बायको एवढंच म्हणाली, "दोन वर्षांनी सांगताय होय?" आहारताई "हो" म्हणाली.

फोन ठेवून तिनं नोंदवहीतली ती सुंदर अक्षरातली ओळ खोडली. वर लिहिलं, 'सूचना चुकीची.'

एक वाजला होता. दारात कुणीतरी डोकावलं. हातात पिवळा कागद, जुना, न सुधारलेला. "ताई, येऊ का?"

आहारताईनं डबा टेबलावर घेतला आणि समोरची खुर्ची पायानं पुढे सरकवली.

"या, बसा. तो कागद आधी इकडे द्या, हा घ्या. आणि मला जरा वेळ लागेल, मी जेवतेय."