पान एक्केचाळीस

श्रीरंगने खुर्ची खाटेजवळ ओढली आणि हातातला कागद पांघरुणावर ठेवला. अनेस्तिस आजोबांच्या तोंडाची डावी बाजू उतरली होती. त्यांचे धूसर डोळे आवाजाच्या दिशेने वळले.

"मी श्रीरंग," तो जर्मनमध्ये सावकाश म्हणाला.

आजोबांनी उजव्या हाताची बोटं हलवली. झटका येऊन दहा दिवस झाले होते आणि वाचा गेली ती गेलीच. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यांना समजतं सगळं, पण हो किंवा नाही एवढ्यात उत्तर देता येईल असंच विचारा. खिडकीशी त्यांची मुलगी देस्पिना संत्रं सोलत बसली होती. तिने श्रीरंगकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

पांघरुणावरचा तो कागद म्हणजे एक्केचाळिसावं पान.

बॉनमधल्या आजोबांच्या घरात वरच्या मजल्यावर श्रीरंग आणि त्याची बायको मालिनी दोन वर्षं भाड्याने राहत होते. श्रीरंग विद्यापीठात किनाऱ्यावरच्या गाळाचा अभ्यास करत होता. कुठल्या शतकात समुद्र कुठवर आला होता ते गाळावरून सांगायचं. हे कळल्यावर आजोबांनी त्याला दुसऱ्याच दिवशी कॉफीला बोलावलं. रबराच्या कारखान्यात एकतीस वर्षं राबलेला हा माणूस गेली कित्येक वर्षं आपल्या गावाचा इतिहास मनात जुळवत बसला होता. गाव म्हणजे कवाला, उत्तर ग्रीसमधलं जुनं बंदर. डोळ्यांनी दगा दिलेला, म्हणून लिहायला कुणीतरी हवं होतं. तेही जर्मनमध्ये, कारण नातवंडांना ग्रीक वाचता येत नव्हतं. छापायचं बॉनच्या ग्रीक मंडळाने कबूल केलं होतं.

मग दर शनिवारी दुपारी आजोबा सांगायचे आणि श्रीरंग टाइप करायचा. बंदराचा इतिहास म्हणजे कोण उतरलं आणि कोण निघून गेलं, एवढंच, असं आजोबांचं म्हणणं. रोमन उतरले, संत पॉल उतरला, तुर्कांनी पाण्यासाठी उंच कमानी बांधल्या. तंबाखूने गाव श्रीमंत झालं. एकोणीसशे बावीस साली समुद्रापलीकडून निर्वासितांच्या बोटी आल्या आणि त्यातल्या एकीत आजोबांचे वडील होते. चाळीस पानं अशी सुरळीत पार पडली.

एक्केचाळिसाव्या पानावर मार्च एकोणीसशे त्रेचाळीस आला. आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे. गावावर बल्गेरियन सैन्याचा अंमल होता. एका पहाटे गल्लीत समोर राहणाऱ्या ज्यू कुटुंबातल्या चौघांना सैनिकांनी उठवलं आणि इतर ज्यूंबरोबर तंबाखूच्या वखारीत नेलं. ते परत आले नाहीत. तीन दिवसांनी आजोबांचे वडील त्या घरात शिरले आणि शिवणयंत्र उचलून घेऊन आले. पुढे शाळेचा प्रत्येक सदरा आईने त्याच यंत्रावर शिवला. एवढं सांगून आजोबा त्या शनिवारी लवकर उठले. कॉफीही अर्धी ठेवली.

देस्पिनाने ते पान वाचलं आणि श्रीरंगला जिन्यातच गाठलं.

"माझी आत्या अजून त्याच गल्लीत राहते. ब्याऐंशी वर्षांची आहे. हे छापलं तर तिने तोंड कुठे दाखवायचं?"

"पण त्यांनी स्वतः सांगितलंय."

"ते आता इथे राहतात. ती तिथे राहते."

श्रीरंगने घरी हे सांगितलं तेव्हा मालिनी डबा भरत होती. ती रोज ड्युसेलडॉर्फला नोकरीला जायची आणि तिला दुसऱ्यांच्या घरच्या भानगडींसाठी वेळ नव्हता.

"अरे, पोटची मुलगी नको म्हणतेय तर तुझं काय जातंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा तू आधी तुझ्या थीसिसचं बघ. प्रोफेसरने फेब्रुवारीची डेडलाइन दिलीय ना तुला?"

"आजोबांना विचारल्याशिवाय मी काढणार नाही."

"मग विचार. आणि एकदाचं संपव ते."

विचारायच्या आधीच आजोबांना झटका आला. म्हणून तो आज इथे बसला होता.

"एक्केचाळिसावं पान," श्रीरंग म्हणाला. "शिवणयंत्राचं. ते मी काढून टाकू का?"

आजोबांनी हनुवटी किंचित वर उचलली. भुवया चढल्या, डोळे मिटले आणि जीभ टाळ्याला लागून एकदाच आवाज झाला.

"च्च."

हा आवाज श्रीरंगच्या अगदी घरचा होता. कुणाकडे काही वाईट झाल्याचं कळलं की त्याची आई पदर तोंडाशी धरून असंच करायची. काय करणार बाबा, होऊन गेलं ते, आता उगाळून काय उपयोग. त्या एका आवाजात एवढं सगळं असायचं आणि त्याला ते कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. त्याने आजोबांचा हात हातात घेतला.

"समजलं," तो म्हणाला. "मला समजलं."

आजोबांनी पुन्हा तोंडाने तोच आवाज केला, या वेळी जरा जोरात, आणि श्रीरंगचं मनगट दाबलं. केवढं दुःख साठवून ठेवलंय या माणसाने, असं त्याला वाटलं. देस्पिनाच्या हातातलं संत्रं अर्धवट सोललेलं राहिलं होतं.

"पाहिलंत तुम्ही," ती म्हणाली.

"हो, पाहिलं."

श्रीरंग कामाचा पक्का. त्याच दिवशी त्याने संगणकातून ते पान पुसलं. घरात कागदही राहू नये असं देस्पिना म्हणाली होती, म्हणून कागद विद्यापीठातल्या यंत्रात घालून त्याच्या पट्ट्या केल्या. पुढचा मजकूर वर सरकला आणि बेचाळीस सालच्या हिवाळ्यानंतर एकदम चव्वेचाळीस उजाडलं. वाचणाऱ्याला काही खटकेल असं दिसत नव्हतं. तीन आठवड्यांनी आजोबा गेले.

ग्रीक लोकांत सहा महिन्यांनी पुन्हा स्मरणविधी असतो. सप्टेंबरातल्या एका रविवारी मंडळाच्या सभागृहात सगळे जमले. साखर आणि डाळिंबाचे दाणे घातलेले उकडलेले गहू वाटले गेले. टेबलावर नव्या पुस्तिकांची चळत होती. लोक ती चाळत होते, कमानींच्या चित्रावर बोट ठेवून एकमेकांना काही सांगत होते. दोघंतिघं येऊन श्रीरंगचा हात दाबून गेले. मालिनीलाही जरा अभिमान वाटत असावा, कारण तिने घरी पाठवायला तीन प्रती पिशवीत टाकल्या.

नुसतं बसून कौतुक ऐकवेना, म्हणून श्रीरंग कॉफीची किटली घेऊन फिरू लागला. भिंतीशी काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बसली होती. त्याने किटली पुढे केली तशी तिने हनुवटी वर उचलली, डोळे मिटले आणि "च्च" केलं. बिचारीला भरून आलं असणार. श्रीरंगने मायेने तिचा कप काठोकाठ भरला.

म्हातारी ग्रीकमध्ये काहीतरी फणकारली. शेजारचा टकला गृहस्थ हसायला लागला.

"अहो, ती नको म्हणत होती."

"कधी म्हणाली?"

"आत्ता. मान वर आणि च्च. आमच्यात त्याला नाही म्हणतात. साफ नाही."

"अनेस्तिस आजोबा तर नेहमी 'नाइन' म्हणायचे."

"जर्मन बोलताना म्हणत असतील. घरी एवढ्याशा नाहीसाठी तोंड कोण उघडतो?"

श्रीरंगने किटली टेबलावर ठेवली. ती नीट ठेवली गेली का, हे त्याने पाहिलं नाही. मालिनीने लांबून काय झालं म्हणून खूण केली. तो तिच्याकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात गेला.

देस्पिना एकटीच कप विसळत होती. त्याचा चेहरा बघून तिने नळ बंद केला.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"दोनदा नाही म्हणाले ते. काढू नको म्हणाले."

"दोनदा."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

देस्पिनाने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. "तुम्ही मला विचारलंच नाही. समजलं म्हणालात. मी थांबले होते की हा आता विचारेल, बाबा काय म्हणाले म्हणून. विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं का, ते मलाही सांगता येणार नाही."

श्रीरंगला तिच्यावर रागवायचं होतं, पण राग धरता येईना. त्यालाही त्या दिवशी तेच हवं होतं. थीसिस अडली होती, मालिनी वैतागली होती, जिन्यात देस्पिनाला चुकवून जावं लागत होतं. हो ऐकू आलं तर सगळ्यांचंच सुटणार होतं आणि त्याला हो ऐकू आलं. मनगट दाबून धरणाऱ्या त्या हाताचा त्याने तेव्हा विचारही केला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"आत्या जुलैत गेली," देस्पिना म्हणाली. "आता मी कुणासाठी लपवू? पुढच्या महिन्यात आणखी शंभर प्रती छापायच्या आहेत. ते पान घाला परत. पुन्हा लिहाल ना?"

"लिहीन," तो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला. "आजच लिहितो. मला आठवतंय सगळं."

तिने फडताळातून कागद काढला आणि पेन शोधलं.

"आधी मला नाव सांगा. त्या समोरच्या लोकांचं. तेरा ऑक्टोबरला मी कवालाला चालले आहे, तिथे कुणी त्यांचं उरलंय का ते विचारीन."

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"घरात हा विषय कधी निघालाच नाही. आणि ते पान मी घाईघाईने यंत्रापर्यंत वाचलं आणि बाजूला टाकलं, नावं डोक्यात राहिलीच नाहीत. बाबांनी सांगितलं ते फक्त तुम्हाला."

श्रीरंगने डोळे मिटले. यंत्र काळं होतं, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. वडिलांनी ते खांद्यावरून आणलं तेव्हा दारात त्याचं एक चाक आपटलं होतं. खणात निळ्या कापडाची अर्धवट शिवलेली बाही सापडली होती, मुलीच्या मापाची. हे सगळं जसंच्या तसं आठवत होतं. आजोबांनी चौघांचीही नावं सांगितली होती, त्याने ती आपल्या हाताने टाइप केली होती, आडनावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं होतं. ते ह-ने सुरू होत होतं. किंवा अ-ने.

देस्पिनाने पेनाचं टोपण काढलं आणि ती कागदावर वाकून थांबली.